तारेची उंची

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाद्य घेणाऱ्या गिऱ्हाइकाची आणि ते घडवणाऱ्या कारागिराची गाठ सौद्याच्या वेळी पडे, ती सहसा जन्मभराची पडे. माझ्या वडिलांनी भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्स कारखान्यातील नोकरीचे आरंभीचे पगार बाजूला टाकून जी सतार त्या गल्लीतून आणली, तिची जवारी उतरली म्हणजे थंडीच्या रजेत ते ती रजईत गुंडाळून मिरजेस नेत, कारागिरापुढे मुकाट्याने बसून राहत, आणि त्याने घोडीच्या पृष्ठावरून कानस फिरवून, तार छेडून, पुन्हा कानस फिरवून हवा तो झंकार काढून दिला की भरल्या मनाने परत येत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांच्या हातून या धंद्याची मिरजेत मुहूर्तमेढ झाली; शस्त्रांना धार देणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तलवारींचे दिवस सरल्यावर भोपळ्याला आणि तुणीच्या लाकडाला हात घातला; आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्याची किंमत एकदाच चुकती करावयाची, परंतु त्याची निगा घडवणाऱ्याच्याच हातून वरचेवर घ्यावयाची, असा हा अलिखित करारनामा होता, आणि त्यात दुरुस्ती ही वाद्याच्या वैगुण्याची कबुली मानली जात नसे.

गिटारीच्या बाबतीत या करारनाम्यातील दुसरे कलम केव्हा गळून पडले, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. माझ्या नातीने गेल्या वर्षी गिटारीचा ध्यास घेतला, तेव्हा भोपाळच्या न्यू मार्केटमधील दुकानांतून आम्ही हिंडलो. तेथे भिंतीवर टांगलेली वाद्ये रंगाने चमकत होती, पण त्यांच्या लाकडाविषयी विचारले असता दुकानदार किमतीची चिठ्ठी उलटून दाखवी. मग साहजिकच ती मोबाईलकडे वळली, आणि चार संध्याकाळी वाचून, पाहून, मैत्रिणींशी मसलत करून तिने यादी माझ्यापुढे ठेवली. रक्कम मंजूर करण्याचा अधिकार तेवढा माझ्याकडे राहिला होता, आणि त्या अधिकाराचा वापर करून मी एकच अट घातली: तबली, म्हणजे वाद्याची दर्शनी फळी, अस्सल एकसंध स्प्रूसची हवी, बाजू आणि पाठ थरांच्या चालतील.

या अटीमागे माझे पांडित्य नव्हते, अंतोनियो दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराचे होते. आज आपण जिला गिटार म्हणतो तिचा आकार आणि तारेची लांबी ज्याने जवळजवळ कायम करून टाकली, त्या तोर्रेसने १८६२ साली एक गिटार अशी घडवली की तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या आणि तबली मात्र उत्तम लाकडाची. वाद्याचा आवाज मुख्यतः तबलीत असतो हे त्याला सिद्ध करावयाचे होते, आणि ते त्याने केले. जाहिरातींतून नुसते ‘स्प्रूस टॉप’ असे लिहिलेले असते तेव्हा ते बहुधा थरांचे, म्हणजे प्लायवुडाच्याच जातीचे असते. ‘सॉलिड टॉप’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच लाकूड एकसंध समजावे, आणि वाद्य हाती आल्यावर मधल्या गोल छिद्राच्या कडेशी भिंग धरून पृष्ठावरील रेषा कडेवरून खाली उतरतात की नाही याची खातरजमा करावी. थर असतील तर ते त्या कडेला उघडे पडतात. पाठीस आणि बाजूंस मी थर चालवून घेतले, कारण आडवे-उभे चिकटवलेले थर एकमेकांस हलू देत नाहीत, आणि भोपाळच्या हवेत न हलणारे लाकूड हे एक मोठेच पथ्य आहे.

हवेचा उल्लेख मी सहज केलेला नाही. भेलच्या, म्हणजे भोपाळच्या त्याच हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, ट्रान्सफॉर्मर विभागात तपासणीच्या कामावर माझी उमर गेली, आणि तेथे विजेपेक्षाही मला भय वाटे ते ओलाव्याचे. ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याच्या वेटोळ्यांभोवती जो कागद, जे प्रेसबोर्ड आणि जे लाकूड असते, ते सारे सेल्युलोजचे. सेल्युलोज हवेतील पाणी आपणहून ओढून घेते आणि फुगते, कोरडे केले म्हणजे आक्रसते. म्हणून तो सगळा गाभा भट्टीत निर्वातात वाळवावयाचा, वाळल्यावर आकसून ढिला झाला म्हणून पुन्हा आवळावयाचा, आणि बाहेर काढल्यापासून टाकीत बंद होईपर्यंत घड्याळावर नजर ठेवावयाची, कारण तेवढ्या अवधीतही तो हवा पिऊ लागतो. सेवानिवृत्तीनंतर नातीच्या गिटारीच्या निमित्ताने हेच सेल्युलोज, हाच ओलावा आणि हेच आक्रसणे माझ्या पुढ्यात पुन्हा येऊन बसेल, असे मला पेन्शनचे कागद रुजू करताना वाटले नव्हते.

खोके आले ते ऐन मे महिन्यात, दुपारी, पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना. पोरीला ते तत्क्षणी उघडावयाचे होते; तक्रार करण्याची पाळी आली तर उघडतानाचे चित्रीकरण लागते म्हणून तिची मैत्रीणही फोन सरसावून तयार होती. मी ते खोके तसेच बंद आतल्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावयास लावले. कुरिअरच्या गाडीच्या पत्र्याखाली तापलेले लाकूड आणि त्यावरील वार्निशाचा पातळ लेप यांना एकदम निराळ्या हवेत आणले तर दोहोंचे आकुंचन सारखे होत नाही, आणि लेपाला बारीक तडे जाण्याची शक्यता असते.

“आजोबा, हा काय तुमचा ट्रान्सफॉर्मर आहे का?” ती म्हणाली.

“त्याच्याहून नाजूक आहे,” मी म्हणालो. “त्याला निदान तेलाची टाकी तरी असते.”

तपासणीच्या खात्यात पहिला धडा असा असतो की समोर आलेल्या वस्तूतील उणिवांचे दोन ढीग करावयाचे: जी उणीव समायोजनाने जाते तिचा एक, आणि जिच्यापायी वस्तू परत धाडलीच पाहिजे तिचा दुसरा. दोहोंची सरमिसळ करणारा निरीक्षक एक तर कारखाना बंद पाडतो, नाही तर गिऱ्हाईक बुडवतो. परतीची मुदत थोडी असल्यामुळे मी दुसऱ्या ढिगाकडे आधी पाहिले. नेक डोळ्याच्या रेषेत धरून ती पिळलेली आहे काय, हे पाहिले. पीळ असेल तर त्यास उपाय नाही. ब्रिजच्या मागल्या कडेखाली कागदाचा कपटा सरकतो काय, म्हणजे तो तबलीपासून सुटू लागला आहे काय, हे पाहिले. छिद्रातून लहान आरसा आणि विजेरी घालून आतल्या आधारपट्ट्या जागच्या जागी चिकटलेल्या आहेत ना, याची शहानिशा केली. बोटाच्या पेराने तबलीवर ठिकठिकाणी टकटक केले असता एखादी पट्टी सुटलेली असली तर तेथे आवाज खुळखुळा येतो. शेवटी नेकच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवले. हवा फार कोरडी झाली म्हणजे फिंगरबोर्डाचे लाकूड आकसते, धातूचे फ्रेट मात्र आहेत तेवढेच राहतात, आणि त्यांची टोके कडेबाहेर येऊन बोटाला ओरखडतात. ती किंचित ओरखडत होती; पण बारीक कानशीच्या चार हातांनी जाणारी ही गोष्ट पहिल्या ढिगातली.

राहिली तारांची उंची. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून ३.४ मिलिमीटर उंच होती आणि पहिली, बारीक तार २.७. पोलादी तारांच्या गिटारीस जाड तारेखाली साधारण २.४ आणि बारीक तारेखाली १.८ ते २ मिलिमीटर असले म्हणजे शिकणाऱ्याच्या हातास ते मानवते. एक मिलिमीटर ही कागदावर क्षुल्लक वाटणारी गोष्ट असली तरी, सहा तारा मिळून ७० किलोंहून अधिक ताणाने खेचलेल्या असताना त्या प्रत्येक वेळी एवढ्या जास्त खाली दाबावयाच्या म्हणजे काय, हे नातीच्या बोटांच्या टोकांवर दोन दिवसांत लिहिले गेले होते. विक्रेत्यास कळवले, तेव्हा उत्तर आले की हे उत्पादनाच्या दृष्टीने सर्वसाधारण असून वाद्यात कसूर नाही. गंमत अशी की ते अक्षरशः खरे होते. कारखान्यातून तारा मुद्दामच जरा उंच सोडतात, कारण उंच तार फ्रेटवर घासून बेसूर खणखणत नाही आणि उंच घोडी खाली आणता येते, खाली गेलेली वर येत नाही. वाद्यात कसूर नव्हती. वाद्य पुरे व्हावयाचे राहिले होते, आणि ते कोणी पुरे करावे याविषयी त्या पत्रात अवाक्षर नव्हते.

या कामात क्रम हाच खरा कायदा आहे, आणि पुष्कळ लोक घोडीपासून आरंभ करतात ते गैर आहे. आधी तारा नेहमीच्या स्वरात मिळवून घ्यावयाच्या, कारण ढिल्या तारांवर घेतलेले कोणतेही माप खोटे, मग नेकचा बाक, मग नट, मग घोडी, जिला गिटारवाले सॅडल म्हणतात, आणि अखेरीस स्वराची तपासणी. वरचे एक माप बदलले की खालची सारी बदलतात, म्हणून उलट बाजूने गेलेला माणूस एकच काम पुन्हा पुन्हा करीत बसतो.

नेक दिसते सरळ, पण ती अगदी सरळ असून चालत नाही. छेडलेल्या तारेचे कंपन मधोमध सर्वांत रुंद असते, म्हणून तिला हलावयास जागा मिळावी इतका अत्यल्प खोलगटपणा नेकला ठेवावा लागतो. तारांचा ताण तो बाक वाढवू पाहतो, आणि त्यास प्रतिकार करण्यासाठी नेकच्या पोटात पोलादाची एक सळई बसवलेली असते. अमेरिकेतील गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅक्ह्यू याने हिची जी योजना केली तिचे पेटंट १९२३ सालचे. त्यापूर्वी वाकलेली नेक सरळ करणे हे जिकिरीचे काम असे. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावावयाचा, चौदाव्या फ्रेटवर तार दाबून धरावयाची, म्हणजे तीच तार सरळ पट्टीचे काम करते. आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तिच्याखाली उरणारी फट मोजावयाची. ही फट पाव मिलिमीटरच्या आसपास असावी, आमच्या यंत्रशाळेच्या बोलीत दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश.

माझ्या कपाटात जुने फिलर गेज होते. पोलादाच्या पातळ पात्यांचा तो जुडगा मी नोकरीत असताना स्वतःच्या पैशाने घेतला होता, आणि निवृत्तीनंतर तो घरात कशासाठी आहे, या प्रश्नास माझ्यापाशी समर्पक उत्तर नव्हते. आता ते मिळाले. सोळा थाऊचे पाते तारेखालून मोकळे सरकले. ॲलन की छिद्रातून आत घालून सळईचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेऱ्याहूनही कमी फिरवला, तारा पुन्हा स्वरात आणल्या, आणि वाद्य रात्रभर तसेच ठेवले, कारण लाकूड पोलादाचा हुकूम ऐकते, पण त्याची तामील सावकाश करते. सकाळी दहाचे पाते जेमतेम घासून गेले. या सळईवर जोर करणे हे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे; ती बाक ठीक करण्यासाठी आहे, तारांची उंची कमी करण्यासाठी नव्हे, आणि उंचीच्या मोहाने ती आवळत नेणाऱ्यांनी मोडलेल्या सळया दुरुस्तीवाल्यांकडे पडलेल्या असतात.

नटचे काम मी हाती घेतले नाही. खुंट्यांच्या बाजूस ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून तारा जातात तो नट. त्या खाचा उथळ असल्या म्हणजे पहिल्या फ्रेटपाशी तारा उंच राहतात, आणि एफचा कॉर्ड, ज्यात तर्जनी आडवी टाकून साऱ्या तारा एकदम दाबावयाच्या असतात, नवशिक्यास असाध्य होऊन बसतो. हा कॉर्ड येत नाही म्हणून गिटार सोडणारी मुले अनेक असतात, आणि त्यांतील कितीएकांचा अपराध बोटांचा नसून नटचा असावा, असा माझा आता संशय आहे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट राहावी. पण खाच त्यापलीकडे जराही खोल गेली तर तार पहिल्या फ्रेटवर घासू लागते, आणि मग नटच नवा करावा लागतो. असल्या परतीचा रस्ता नसलेल्या कामास सवयीचा हात हवा. म्हणून वाद्य घेऊन मी जुन्या भोपाळात, इतवाऱ्याच्या बाजूस, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. पेटीचे सूर खरवडून मिळवण्यासाठी त्याच्यापाशी नाना जाडीच्या सुईसारख्या कानशी असतात, हे मला वडिलांच्या वेळेपासून ठाऊक होते.

त्याने गिटार मांडीवर आडवी घेतली, सॅडलवरून अंगठा फिरवला आणि भोपाळी थाटात म्हणाला, “को खाँ, इसमें जवारी तो है ही नईं, बस ऊँचाई-ऊँचाई है।”

एका वाक्यात त्याने दोन वाद्यकुळांतील भेद सांगून टाकला. सतारीची घोडी रुंद असते आणि तिच्या सपाट वाटणाऱ्या, किंचित उतरत्या पृष्ठावर तार अंग घासत कंप पावते. त्या घासण्यातूनच तिचा झंकार जन्मतो, आणि ते पृष्ठ साधणे म्हणजे जवारी. गिटारीची घोडी तारेस एका धारेवर टेकू देते आणि बाकी सर्व स्पर्श निषिद्ध मानते. सतारीत जो अलंकार, तो गिटारीत दोष. अब्दुल करीम खाँसाहेब, ज्यांचे मिरजेशी नाते सर्वांस परिचित आहे, स्वतःचे तंबोरे स्वतः दुरुस्त करीत आणि त्या विद्येत त्यांचा हात वाकबगार होता. त्यांच्यासारख्या गवयाला कानशीचे काम हलके वाटले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्या वृद्धाने खाचा तासल्या, प्रत्येक वेळी तार बसवून वाजवून पाहिली, आणि मजुरी इतकी थोडी सांगितली की मी ती मुकाट्याने वाढवून दिली.

सॅडल मात्र मी घरीच केले, कारण त्याचे गणित सोपे आहे आणि माझ्या धंद्यातले आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणून तेथे तार जितकी खाली आणावयाची असेल त्याच्या दुप्पट सॅडल उतरवावे लागते. नेक आणि नट यांची कामे झाल्यावर जाड तारेखालचे माप ३.२ झाले होते, २.४ हवे, म्हणजे ०.८ कमी, म्हणजे सॅडलच्या तळातून १.६ मिलिमीटर. तळातूनच, कारण माथ्यावरील चढउतार कारखान्याने प्रत्येक तारेच्या हिशेबाने कोरलेले असतात. बारीक टोकाच्या पेन्सिलीने रेघ आखली, सपाट काचेवर पॉलिशपेपर चिकटवला, आणि ती पट्टी सरळ उभी धरून एका दिशेने घासत गेलो. पुढे-मागे घासले तर तळ गोल होतो आणि गोल तळाचे सॅडल ब्रिजला आवाज पुरता पोहोचवत नाही. रेघेच्या अलीकडेच थांबलो, तारा चढवल्या, मोजले, आणि उरलेले नंतर काढले. फॅक्टरीचे सॅडल प्लास्टिकचे होते. पुढे-मागे हाडाचे बसवावे असे सर्वत्र सांगतात. आवाज त्याने थोडा स्वच्छ होतो हे खरे, पण नीट बेतलेले प्लास्टिक वेडेवाकडे बेतलेल्या हाडापेक्षा केव्हाही चांगले.

तारा खाली येताच आणखी एक गोष्ट घडली, जिची नातीला अपेक्षा नव्हती. वाद्य अधिक सुरात वाजू लागले. उंच तार दाबताना ती जास्त ताणली जाते, ताण वाढला की स्वर चढतो, आणि म्हणून मोकळ्या तारा सुरात असूनही कॉर्ड धरला की काहीतरी खटकत असे. जाड तारांवर हा परिणाम अधिक होतो, त्यामुळे सॅडल ब्रिजमध्ये तिरके बसवून जाड तारेस दोन-तीन मिलिमीटर लांबी जास्त दिलेली असते. बाराव्या फ्रेटवर नुसते बोट टेकवून निघणारा मंजुळ स्वर आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर, हे दोन्ही ट्यूनरवर एकच दिसले म्हणजे ही बाब मिटली असे समजावे.

येथे माझ्यातील सतारियाच्या मुलास एक हरकत नोंदवल्यावाचून राहवत नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागाच्या गरजेप्रमाणे ते सरकवता येतात. गिटारीचे फ्रेट लाकडात ठोकून कायम केलेले. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिलिमीटरवर बसतो, आणि पुढे प्रत्येक अंतर त्याच एका प्रमाणात घटत जाते, म्हणजे सप्तकाचे बारा अगदी समान भाग. या समानतेपायी गंधार आपल्या नैसर्गिक जागेपासून चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने, चढा राहतो. १९८० च्या दशकात उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर भोपाळच्या ध्रुपद केंद्रात शिकवीत होते आणि भारत भवनात त्यांना ऐकण्याचा योग या शहरास वरचेवर येत असे. त्या कंठातील गंधार ज्यांनी ऐकला त्यांनी गिटारीचा गंधार सहन करावयाचा तो केवळ कॉर्डाच्या सोयीसाठी. आमचे वडील असते तर त्यांनी ही नवी पाहुणी दोन मिनिटे ऐकून सतारीची गवसणी सोडली असती. नात मात्र म्हणते, “आजोबा, मला कॉर्डच वाजवायचे आहेत, गंधाराचं मी नंतर बघीन.” यावर माझ्यापाशी तोड नाही.

समायोजन एकदा झाले म्हणजे संपले, अशी समजूत असेल तर ती भोपाळात टिकत नाही. गिटारी बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता इष्ट मानतात. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी बाहेर ती वीस टक्क्यांच्या घरात उतरते. आणि त्याच दुपारी वाळ्याच्या ताट्यांतून पाणी गाळणारा कूलर ज्या खोलीत लावलेला असतो तेथे मापकाचा काटा सत्तरीकडे झुकतो. म्हणजे गिटार या खोलीतून त्या खोलीत नेणे हा तिच्यापुरता ऋतुपालट. एअर कंडिशनर असेल तर उलट प्रकार, तो हवेतील पाणी काढून घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या तलावावरून वारा येऊ लागला की घरभर ऐंशी. तबली जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. ओलाव्याने ती फुगून ब्रिजला वर उचलते आणि तारा उंच होतात, कोरड्या हवेत ती खाली बसते, तारा फ्रेटवर खणखणू लागतात, आणि दुर्लक्ष केले तर लाकडाच्या रेषेवरून उभी चीर जाते. चीर ही मेमध्ये पडते, पावसाळ्यात नव्हे. लोक मात्र पावसाळ्यातच वाद्याला जपतात.

आमच्या घरी आता गिटारीची पेटी कूलरच्या खोलीत येत नाही, वाजवून झाली की ती बंद असते, आणि पेटीत लहानसे आर्द्रतामापक आहे. उन्हाळ्यात पेटीत ओलाव्याची पुडी आणि पावसाळ्यात सिलिका जेलची, एवढाच बंदोबस्त. तारा पावसाळ्यात घामाने गंजतात, म्हणून वाजवल्यावर त्या सुक्या फडक्याने पुसावयाच्या, हा नियम नातीने मनावर घेतला आहे. मी पहिला पावसाळा जवळून पाहिला: ऑगस्टात जाड तारेखालचे माप २.४ वरून २.७ झाले. सॅडलला मी हात लावला नाही. त्या फुगवट्यास खरे मानून ते आणखी घासले असते तर मार्गशीर्षात तारा फ्रेटवर येऊन बसल्या असत्या. नोव्हेंबरात माप आपोआप २.४ वर आले.

मला खरोखर आश्चर्य वाटते ते विक्रेत्यांचे. आमच्या कारखान्याच्या फाटकातून ट्रान्सफॉर्मर बाहेर पडे तेव्हा त्याच्यासोबत चाचणीचा दाखला जाई, त्यात प्रत्येक माप कोणत्या तपमानास घेतले ते लिहिलेले असे, आणि त्याखाली कोणा एकाची सही असे. जे दाखल्यात नाही ते झालेच नाही, असा दंडक होता. गिटारीच्या जाहिरातीत रंगाच्या सात छटा, सोबत येणाऱ्या पिशवीचा कपडा, पट्ट्याची लांबी, पिकांची संख्या, सारे तपशीलवार असते. बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे आणि ते माप किती आर्द्रतेस घेतले, या दोन आकड्यांस मात्र तेथे जागा नाही. गिऱ्हाइकाने ते आकडे मागितल्याखेरीज ते छापले जाणार नाहीत. म्हणून मुलांसाठी गिटार मागवणाऱ्या आईबापांस आणि आजोबांस माझी विनंती आहे: पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्यास हे दोन आकडे लेखी विचारा, आणि उत्तर न आल्यास गावातल्या पेटी-सतारीच्या कारागिराची मजुरी किमतीत आधीच धरून ठेवा.